ॲसिडघराच्या गावी

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत अजूनही अशी समजूत आहे, की दिवाळीच्या सुट्टीत मी डेहराडूनला थंड हवा खायला गेले होते. मसुरी पाहिली का, बर्फ हातात घेतला का, तिकडं स्वेटर स्वस्त मिळतात म्हणे, असल्या चौकशा चालू आहेत. येताना बासमती आणला नाही म्हणून दोघीजणी गाल फुगवून बसल्या आहेत. मसुरी पाहिली. बर्फ लांबून पाहिला. पण बायांनो, मी हवा खायला गेलेच नव्हते, मी नवऱ्याला आणायला गेले होते. आता प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आमचे हे (नाव लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढं बास) केमिकल इंजिनिअर. चार वर्षांपूर्वी डेहराडूनच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक नवा कारखाना निघाला, तिकडे गेले. तिथे चिप बनवतात. कॅल्क्युलेटर उघडला की आत पाय फुटलेला काळा किडा दिसतो ना, त्याच्या पोटातला नखाएवढा तुकडा म्हणजे चिप. असे पुष्कळ तुकडे एका चकचकीत चकतीवर एकदम तयार होतात, आणि ती चकती पुन्हा पुन्हा ॲसिडानं धुवावी लागते. ते ॲसिड पिंपातून धुण्याच्या टेबलापर्यंत नळानं न्यायचं आणि वाटेत त्यात धुळीचा कणही मिसळू द्यायचा नाही, हे ह्यांचं काम. गारगोटीत मी हे एवढं समजावून सांगितलं, तर पलीकडच्या काकी म्हणाल्या, "म्हंजे नळवालं व्हय?" मी म्हटलं, व्हय, नळवालेच.

ह्या चार वर्षांत नवरा मला वर्षातून एकदा, गणपतीत, तोही ताप आल्यासारखा आला आणि गेला. मी इकडे शाळा आणि सासूबाई सांभाळत होते. मग गेल्या पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं ह्यांना बोलावलं. जागा पक्की, फक्त डिसेंबर लागायच्या आत हजर व्हायचं. तिकडच्या साहेबांनी अट घातली, की ॲसिडाचे नळ चाचणीत पास झाले की सोडतो, त्याआधी नाही. चाचणी नेमकी आमच्या दिवाळीच्या सुट्टीत होती. मी जायचं, चाचणी व्हायची, आणि दोघांनी मिळून यायचं असा बेत ठरला. परतीचं रिझर्व्हेशन दोघांचं केलं होतं.

गारगोटीहून निघताना

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी आठ दिवस आधीपासून बांधाबांध काढली. कांदालसणीची चटणी, करंज्या, शेंगदाण्याचे लाडू, अंबाबाईच्या देवळातलं कुंकू. मी म्हटलं, "अहो, परत येणारच आहेत, एवढं कशाला न्यायचं?" तर म्हणाल्या, "चार वरसं त्यानं बेचव खाल्लंय. वाटेत तरी नीट खाऊ दे की." आणि मग स्टँडवर, पन्नास माणसांत, एसटीच्या खिडकीशी येऊन मोठ्यांदा, "घिऊनच ये गं त्येला. नातू काय पोस्टानं येणार हाय व्हय?" अख्खी गाडी हसली. कंडक्टरनं तर बेल मारायची थांबवली. मी तोंडावर पदर घेतला तो थेट कोल्हापूरपर्यंत.

रेल्वेतलं फारसं सांगण्यासारखं नाही. पुण्याला गाडी बदलली. झाशीच्या पुढं कधीतरी वरच्या फळीवरचा डबा कलंडला आणि चटणीची पुडी फुटली. खाली एक सरदारजी कुटुंबासह झोपले होते. आधी ते शिंकले, मग त्यांची बायको, मग पलीकडचा सगळा डबा. मी माफी मागायला लागले, तर सरदारजींनी शालीवर पडलेली चटणी बोटानं उचलून जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, "बहनजी, यह तो हथियार है." दिल्लीपर्यंत आमची दोस्ती झाली. त्यांनी मुळ्याचे पराठे दिले, मी उरलीसुरली चटणी दिली.

स्टेशनवर

डेहराडूनला गाडी सकाळी पोचली. धुकं असं, की हमालाचा लाल शर्ट आधी दिसायचा आणि माणूस मागनं. हे फलाटावर होते. मी त्यांच्या समोरून पुढं गेले.

"अगं, कुठं निघालीस?"

वळून बघते तर मिशी नाही! कोल्हापूरच्या माणसाची मिशी नाही म्हणजे काय म्हणायचं? आमच्या लग्नाच्या फोटोत ह्यांच्या आधी ह्यांची मिशी दिसते.

"मिशी कुठाय?" पहिला शब्द मी हाच बोलले. चार वर्षं मनात काय काय ठरवून ठेवलं होतं, ते सगळं बाजूला राहिलं.

"काढली. आत चालत नाही. केस गळतात, कोंडा पडतो. आता चाचणी आहे ना, सारखं आत जावं लागतं."

रिक्षात शेजारी बसल्यावर आणखी एक गोष्ट कळली. ह्यांच्या अंगाला कसलाच वास नव्हता. खोबरेल नाही, पावडर नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. एरवी ह्यांचा सदरा खुंटीवर असला तरी खोलीत हे असल्यासारखं वाटायचं. एक जुना सदरा मी तर धुतलाच नव्हता वर्षभर, कुणाला सांगू नका. आता माणूस स्वतः शेजारी होता आणि वासच नाही. मी सरकून खांद्याला खांदा लावून बसले. रिक्षावाला आरशातनं बघत होता, तर बघू दे म्हटलं.

वसाहत

कारखान्याची वसाहत साल वृक्षांच्या रानाच्या कडेला आहे. एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा, मागं दोन पायऱ्या आणि समोर डोंगर. शेजारी बिमला नावाची गढवाली बाई राहते. तिचा नवरा फौजेत, लडाखकडं. भाऊ कारखान्यात आहे, त्याच्याकडे ती राहते. पहिल्याच दुपारी ती राजमा आणि भात घेऊन आली. तांदूळ असा, की झाकण काढल्यावर खोलीभर घमघमाट. चव मात्र मला जरा लांबलांबची वाटली. आमचा शाहूवाडीचा जाडा तांदूळ ताटात बसतो, हा ताटात सुटासुटा पळतो. शिवाय सगळ्यात मोहरीचं तेल. दोन दिवस मी नाक दाबून जेवले, तिसऱ्या दिवशी सवय झाली आणि पाचव्या दिवशी मागून घेतलं.

तिकडची माणसं हळू बोलतात. भाजीवालाही "लीजिए", "दीजिए". इकडं आपल्याकडं पावण्यालासुद्धा आपण मायेनं ओरडतो. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही दोघं शिरोलीच्या नोकरीबद्दल बोलत होतो. हे म्हणत होते, सुरुवातीला गारगोटीहून जाऊन येऊन करतो. मी म्हणत होते, काही नको, कोल्हापुरातच खोली घेऊया, आत्याबाईंनाही आणूया. एवढ्यात दार वाजलं. बिमला घाबऱ्याघुबऱ्या उभी. "दीदी, सब ठीक है ना? आप लोग लड़ तो नहीं रहे?"

तिला काय सांगू? आम्ही तर अगदी आनंदात होतो. ह्यांना म्हटलं, चार वर्षं तुम्ही ह्या लोकांशी कुजबुजत काढली की काय? तर म्हणाले, "तू आल्यापासनं घसा मोकळा झाला बघ." मला हे फार आवडलं. त्या रात्री जेवताना मी मुद्दाम दोनचारदा भांडण काढलं.

बिमलाशी पुढं गट्टी जमली. तिला मी विचारलं, करमतं का गं? तर म्हणाली, हमारे यहाँ सब औरतें ऐसे ही रहती हैं. त्यांच्या गावात म्हणे पुरुष म्हणजे सुट्टीवर येणारी वस्तू. ती हसत सांगत होती, हातानं मंडव्याच्या भाकरी थापत होती. आपल्या नाचणीसारख्याच भाकरी. मी म्हटलं, माझा तर परत येतोय बाई. ती म्हणाली, "आप भाग्यवाली हैं." मला जरा ताठा चढलाच.

ॲसिडघर

एका रविवारी घरच्या माणसांना कारखाना बघायला बोलावलं होतं. ॲसिडघर म्हणजे मुख्य इमारतीपासून वेगळी, विटांची बसकी खोली. आत निळी पिंपं ओळीनं. प्रत्येक पिंपातून पांढऱ्या प्लास्टिकचा नळ निघतो, आणि त्याच्या बाहेरून आणखी एक जाड नळ, म्हणजे आतला फुटला तर ॲसिड बाहेरच्यात पडावं, माणसावर पडू नये. पंप नाही. वरून वायूचा दाब देतात आणि ॲसिड आपोआप पुढं सरकतं. वाटेत फिल्टर. ते परदेशातून येतात, आणि त्यांना हे लोक घरच्या सोन्यासारखं जपतात. नळ येण्याआधी पोरं काचेच्या बाटल्या उचलून टेबलापर्यंत न्यायची आणि हातानं ओतायची. एकाचा हात भाजला होता. हे नळांबद्दल सांगताना त्या हाताबद्दल सांगत होते, चिपबद्दल कमी.

तिथे मला दस्तगीर भेटला. हा आपला शिरोलीचा वेल्डर. ह्यांनीच त्याला कोल्हापूरहून नेला होता. प्लास्टिकचे नळ तापवून एकमेकांना जोडायचे हे त्याचं काम, आणि ते संपत आलं होतं. मला बघून तो अख्ख्या ॲसिडघरात ओरडला, "वैनीऽ! या की! आमच्या रंकाळ्यात पाणी हाय न्हवं?" साहेब लोक दचकून बघायला लागले. मला भरून आलं, खरं सांगते. आठ दिवसांत कुणी एवढ्या मोठ्यांदा माझं स्वागत केलं नव्हतं.

पुढे मुख्य इमारतीत, जिथे नळ पोचतात, तिथे आत जायला पांढरे कपडे, टोपी, तोंडाला फडकं. दारावरच्या बाईनं मला सांगितलं, गजरा काढा, पावडर पुसा, आणि बिंदी पुसा.

"कुंकू?" मी म्हटलं, "ते नाही पुसायचं."

ती गोड बोलून समजावत होती. हे मागनं म्हणाले, "अगं, नियम आहे. कुंकवाची पूड उडते. एवढीशी पूड सगळं वाटोळं करते."

"तुमचं वाटोळं होऊ नये म्हणूनच लावते मी ते," मी म्हटलं. दस्तगीर खो खो हसला. मी आत गेले नाही. बाहेरच्या काचेतून बघितलं. आत सगळा पिवळा उजेड आणि पांढऱ्या कपड्यातली माणसं. त्यातला माझा कुठला ते ओळखू येईना. मग एकानं हात वर केला. मी पण केला.

मसुरीचा दिवस

चाचणीच्या आधी एक दिवस ह्यांना रजा मिळाली. बसनं मसुरीला गेलो. वळणं आपल्या आंबोलीच्या घाटासारखी, पण संपतच नाहीत. मला दोनदा उलटी झाली आणि ह्यांनी न लाजता माझं कपाळ धरलं. वर एका टपरीवर चहा घेतला. तेवढ्यात ढग बाजूला झाले आणि समोर पांढरी रांग दिसली. मी वर्गात हिमालय शिकवते. फळ्यावर खडूनं त्रिकोण काढते. आता तो खरा समोर होता आणि मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. कारण हे बोलत होते, कोल्हापुरात खोली कुठं घ्यायची, सायकल घ्यायची की स्कूटर, आत्याबाईंना खासबागेतली कुस्ती दाखवायची. मी बर्फाकडं बघत "व्हय, व्हय" करत होते. असा दिवस परत कधी येईल कुणास ठाऊक.

नळ सुरू झाले

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना ह्यांनी विचारलं, "अंबाबाईचं कुंकू कुठं ठेवलंयस?" मी देवाच्या फळीकडं बोट दाखवलं आणि चहाकडं वळले. वाटलं, हात जोडून जातील.

नळ सुरू झाले. एक थेंब गळला नाही. दस्तगीर संध्याकाळी पेढे घेऊन आला. "एकबी सांधा पाझरला न्हाय, वैनी. आता बॅगा भरा." दुसऱ्या टोकाच्या तोटीतलं ॲसिड प्रयोगशाळेत तपासायला गेलं होतं, तेवढंच बाकी होतं. मी बॅगा भरल्याच. ह्यांचे सदरे घडी केले, पुस्तकं बांधली, गादी बिमलाला द्यायची ठरवली.

दोन दिवसांनी हे दुपारीच घरी आले. ॲसिड नापास झालं होतं. त्यात चुना सापडला होता.

"चुना? प्लास्टिकच्या नळात?"

"भटनागरसाहेब म्हणतात, नळ बनवणाऱ्यानं भेसळ केली. प्लास्टिक स्वस्त पडावं म्हणून त्यात खडूची पूड मिसळतात काही जण." भटनागरसाहेब म्हणजे ह्यांचे वरिष्ठ. "सगळे नळ उखडून त्याच्या दारात टाकायचे आणि त्याचं नाव काळ्या यादीत घालायचं म्हणतात. माझी त्यात चूक नाही, मला ठरल्याप्रमाणे सोडायला तयार आहेत."

"मग?" मी म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला होता. "मग असं तोंड का केलंय?"

हे मागच्या पायरीवर जाऊन बसले. मी चहा नेऊन दिला. तो तसाच ठेवला.

"नळात भेसळ नाही," म्हणाले. "मी स्वतः तपासून घेतलाय. शेवटचा सांधा बंद करायच्या आधी मी नळाच्या तोंडाशी बोट लावलं."

मला कळायला वेळ लागला नाही. मी विज्ञान शिकवते. हळदीत चुना मिसळला की लाल रंग येतो, हे दरवर्षी पोरांना करून दाखवते. अंबाबाईचं कुंकू हळद-चुन्याचंच होतं, आणि ह्यांच्या बोटाला तेच लागलेलं होतं.

"अहो, तुम्हीच मला दारात अडवलं होतंत!"

"व्हय की." बऱ्याच वर्षांनी ह्यांच्या तोंडून असं साधं "व्हय की" निघालं. "शिरोलीत एक तरी लेथ बिनकुंकवाचा सुरू होतो का? भट्टी पेटते का? इथे चार वर्षं मी सगळं बिनकुंकवाचं केलं. कधी काही वाटलं नाही. आता तू आलीस, घरचं कुंकू आलं, म्हटलं हे माझं इथलं शेवटचं काम. हातमोजा काढला आणि लावलं. विचारच नाही केला, अगं. आपोआप झालं."

मला रागही आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. शेजारच्या पायऱ्यांवर बिमला होती म्हणून नुसती बसून राहिले.

तेवढ्यात दस्तगीर आला. त्यालाही हकिकत सांगितली. तो खालच्या पायरीवर टेकला. मग म्हणाला, "साहेब, नळ काय तोंड उघडून बोलणार हाय व्हय? गप ऱ्हावा की. तुम्ही वैनीसंगट घरला जावा."

"आणि नळ बनवणारा?" हे म्हणाले. "छोटा माणूस आहे तो. आपल्यासाठी नवीन साचे केले त्यानं. बुडेल."

"सांगितलं तर काय होईल?" मी विचारलं.

"फिल्टर सगळे बदलावे लागतील. ते बोटीनं येणार. नळ धुवायचे, परत चाचणी. ती पास होईपर्यंत मला सोडणार नाहीत. उन्हाळा उजाडेल."

"आणि शिरोली?"

"ते काय थांबणार आहेत माझ्यासाठी?"

मग ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "सांगू का?"

मला नाही म्हणायचं होतं. अगदी ओठावर होतं. भरलेल्या बॅगा आतनं दिसत होत्या. पण बाहेर पडलं ते "सांगा." एवढंच.

दस्तगीर उठला. "मला ठावं हुतं," म्हणाला, आणि नाक पुसत निघून गेला.

भटनागरसाहेब म्हणे आधी हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. मग ओरडले. आणि मग ह्यांना सांगितलं, की सहा महिने गावाचं नाव काढायचं नाही. त्यांचंही काही चुकलं नाही. परदेशी फिल्टर म्हणजे काही भाजी नव्हे. मी संध्याकाळी बॅगा उपसल्या, सदरे परत खुंटीला लावले. बिमला गादी न्यायला आली होती. मी म्हटलं, राहू दे गं. ती आत येऊन माझ्याबरोबर घड्या मोडायला लागली.

परत

गाडीत ह्यांच्या जागेवर दस्तगीर आला. त्याचं काम संपलेलंच होतं, आणि तिकीट वाया कशाला घालवायचं? स्टेशनवर हे खिडकीशी उभे होते. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघं डब्यातल्या लाडवांबद्दल बोललो. किती राहिले, कुणाला द्यायचे, मऊ पडले का. दुसरं काही बोलायला गेलो असतो तर धड झालं नसतं. गाडी हलली तेव्हा ह्यांनी हात वर केला. ह्या वेळी ओळखायला त्रास पडला नाही, पण धुकं होतं.

दस्तगीर बिचारा फार जपून वागला. घरी बायको, दोन पोरी, चार महिन्यांनी भेटायच्या होत्या. आनंद त्याच्या अंगात मावत नव्हता आणि तो मला दिसू नये म्हणून धडपडत होता. खिडकीतून बघता बघता गुणगुणायला लागायचा, मग माझ्याकडं लक्ष गेलं की गप. शेवटी भुसावळच्या आसपास मी म्हटलं, "गावा की हो, भाऊ. माझ्यासाठी दोन दिवस तोंड बांधून बसू नका." तो म्हणाला, "न्हाई वैनी, सहज आपलं." आणि मग पुण्यापर्यंत खुशाल गात आला. मला त्याचा एवढा हेवा वाटला, की एकदा त्याला चहा न विचारताच मी एकटीनं घेतला.

माझी समजूत मी माझ्या परीनं घातली होती. नवरा खरं बोलला. किती माणसं बोलतात? शाळेत सांगता येईल, पोरांना सांगता येईल. आत्याबाईंना काय सांगायचं तेही घोकून ठेवलं होतं, अगदी फळ्यावर लिहावं तसं मुद्देसूद.

गारगोटीला उतरले तेव्हा दिवस कलला होता. आत्याबाई दारातच होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, माझ्या मागं बघत राहिल्या.

"माघारनं येतोय व्हय?"

"नाही आले, आत्याबाई."

मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. कुंकू, चुना, नळ बनवणारा, साहेब. आवाज कुठंही हलू दिला नाही. त्या चौकटीला धरून ऐकत होत्या.

"सायबानं इचारलं हुतं त्येला?"

"नाही."

"लावताना कुणी बघितलं हुतं?"

"कुणीच नाही."

"मग कशापायी बोलला गं माझा बाबा!" आत्याबाईंचा आवाज गल्लीभर गेला. "गप बसला असता तर आज हितं आला असता की. माझ्या म्होरं जेवला असता. तू तरी म्हणायचं न्हाईस व्हय, बोलू नगा म्हणून? तुझं ऐकलं नसतं त्येनं?"

दोन दिवस मी हेच स्वतःला विचारत आले होते, आणि दर वेळी खिडकीबाहेर बघितलं होतं.

"ऐकलं असतं, आत्याबाई," मी म्हणाले. "मी नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी ऐकलं असतं. म्हणून तर म्हटलं नाही." आणि मग मात्र मी पिशव्यांसकट उंबऱ्यावर बसले, आणि शेजारपाजारची लाज न धरता मोठ्यांदा रडले.